छोट्या चिपमधला क्रम

बोर्डावरचे दिवे एकदम गेले तेव्हा तिला आधी वाटलं, वीजच गेली. तिने मान वर केली. छतावरच्या नळ्या जळत होत्या. पलीकडच्या टेबलाशी मावशी भिंगाखाली वाकून काहीतरी चिकटवत होत्या आणि त्यांच्या सोल्डरिंगच्या टोकावरून धुराची बारीक दोरी सरळ वर चालली होती. म्हणजे बाकी जग होतं तसंच होतं. अंधार झाला होता तो फक्त तिच्या पुढ्यातल्या वीतभर हिरव्या बोर्डावर. मग तिने पडद्याकडे पाहिलं. चिपमधला प्रोग्रॅम पुसून झाल्याची खूण आली होती, पण ती यादीतल्या वरच्या ओळीपुढे आली होती आणि वरच्या ओळीत नाव छोट्या चिपचं होतं. तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय, तान्ह्या लेकीला, ठकीला, झोपवून तिच्या मानेखालचा हात काढून घेताना धरतो तसा.

पुसायची होती मोठी चिप. ती काड्यापेटीएवढी, बोर्डाच्या मधोमध बसलेली. सगळी अवघड कामं तिची, आणि तिच्यासाठी लिहिलेला नवा प्रोग्रॅम फाईलमध्ये तयार होता. छोटी बसलेली कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी. तिचं काम एकच, पण तिच्यावाचून कोणाचंच पान हलत नसे. बटण दाबलं की आधी ती जागी व्हायची आणि मग बोर्डावरचे चार सप्लाय, म्हणजे वीजपुरवठे, एकामागून एक, मध्ये ठरावीक वेळ थांबत, चालू करायची. क्रम चुकला किंवा घाई झाली तर मोठी चिप जळण्याची भीती. दोघी एकाच तारेवर साखळीसारख्या जोडलेल्या, आणि जुन्या बोर्डावर या साखळीत मोठी पहिली होती. नव्या बोर्डावर छोटी पहिली. ती स्वतः बाळंतपणाच्या रजेवर असताना हा बदल झाला होता, आणि तीन आठवड्यांपूर्वी परत आल्या दिवशीच तिने तो वहीत लिहून घेऊन खाली रेघही मारली होती. तिला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. हाताने शेकडो वेळा केलं होतं तेच केलं, वरची ओळ निवडली आणि पुसून टाकली. आधी पाटी पुसायची, मग लिहायचं, ही मास्तरांची शिकवण. मास्तर म्हणजे तिचे जुने वरिष्ठ, तिच्या रजेच्या काळातच निवृत्त झालेले. छोट्या चिपमधलं जे होतं तेही मास्तरांचंच होतं, आणि हा बोर्ड त्या जातीचा एकुलता एक होता, आणि चार वाजता साहेब तो पेटीत घालून परगावी दाखवायला नेणार होते. आत्ता साडेदहा वाजले होते.

ती उठली नाही, ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागचे दहा महिने तिच्या आतून काहीतरी असंच नाहीसं होत चाललंय असं तिला वाटत होतं, आणि ते ती कोणाला सांगत नव्हती. स्वयंपाकघरात उभी राहून ती नवऱ्याला म्हणायची, ‘ते दे ना, ते भोकांचं,’ आणि चाळणी हा शब्द अर्धा मिनिट सापडायचा नाही. पाळणाघराच्या फॉर्मवर आईच्या जन्मतारखेच्या जागी तिने ठकीची जन्मतारीख घातली होती. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, ‘एका अर्थी बरोबरच आहे हो.’ तिची आई फोनवर म्हणायची की पोर येताना आईची निम्मी अक्कल गाठोड्यात बांधून आणतं आणि परत करायला अठरा वर्षं लावतं. यावर सगळे हसायचे, तीही हसायची. पण अंघोळीला बसली की तिला वाटायचं, समजा पोरीने गाठोडं वाटेतच कुठे ठेवलं असेल तर. ठकीवर तिचा राग नव्हता. ठकीवर राग धरायचा म्हटलं तरी जमलं नसतं, कारण ठकी सकाळी उठल्याउठल्या तिच्या नाकाला हात लावून नाक जागेवर आहे ना याची खात्री करून घ्यायची आणि मगच हसायची. प्रश्न ठकीचा नव्हताच. प्रश्न हा होता की सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून फार मायेने विचारलं होतं, ‘कागदांकडे याल का? मॅन्युअलं लिहायची. वेळेचं बंधन नाही, डोक्याला ताप नाही. घरात लहान मूल आहे, आम्हाला कळतं. शुक्रवारी सांगा.’ आणि आज गुरुवार होता. बोर्डाशी बसायचं की कागदांशी, याचं उत्तर तिला आपल्या तोंडाने द्यायचं होतं. आणि ते उत्तर आता या अंधारलेल्या कोपऱ्यातून आपोआपच बाहेर पडतंय असं तिला वाटलं.

“काय गं, गप्प का?” मावशी भिंगातून डोळे न काढता म्हणाल्या. मावशी इथे सव्वीस वर्षं सोल्डरिंग करत होत्या आणि माणसाच्या गप्प बसण्यातलं त्यांना बोलण्याहून जास्त कळायचं.

“छोटी पुसली मावशी.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम कशाला पुसेन.”

“मग ठीक. मुद्दाम पुसली असतीस तर काळजी.” मावशींनी टोक स्पंजला पुसून स्टँडमध्ये ठेवलं आणि त्या आल्या. बोर्डाकडे त्यांनी तापलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. “कोणाला सांगितलंस?”

“तुम्हालाच.”

“मग अजून काही बिघडलेलं नाही. फाईल शोध.”

फाईल तिने शोधली. सर्व्हरवर मास्तरांच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात होती ती तीन सप्लायवाल्या जुन्या बोर्डाची. चौथा सप्लाय नंतर आला होता. तिने तारखा लावून बघितल्या, इतरांच्या फोल्डरांत डोकावून बघितलं, नावं चुकवून बघितलं, कारण मास्तर नावं चुकवत. काही नाही. पडद्यावर फायली वरखाली सरकत होत्या आणि तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं: मास्तर कसे बसत, चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या इतके जवळ की श्वासाची वाफ त्यावर धरायची. या चिपचं लिहिणं चाललं होतं ते दिवस तिला आठवत होते, पण आठवत होती ती फक्त मास्तरांची बोटं, जाडजूड, मधल्या बोटाचं नख काळं पडलेलं, एकेका अक्षरावर कोंबडीने दाणा टिपावा तशी पडणारी. ती शेजारी बसलेली, अवघडलेली. तेव्हा नववा लागला होता. मग अचानक तीन आठवडे आधीच हॉस्पिटल, आणि त्यानंतर सगळं दूध, झोप आणि परत दूध. आजसुद्धा सकाळपासून छाती जड झाली होती.

साडेअकराला तिने मास्तरांना फोन लावला. ते आता लेकीकडे राहत.

“बोल. स्पीकरवर टाकलंय, नातीच्या सायकलची चेन बसवतोय, हात काळे आहेत. शिव्या देऊ नकोस, पोरगी ऐकतेय.”

“मास्तर, मी छोटी पुसली. नव्या बोर्डावरची.”

पलीकडे चेनची खडखड थांबली. मग म्हणाले, “जेवलीस का?”

“मास्तर.”

“विचारलं आपलं. मी एकदा उपाशीपोटी सहा चिपा पुसल्या होत्या. ओळीने. पहिली चुकून पुसली हे पाचवीला कळलं.”

“मग सहावी का पुसलीत?”

“तोवर हात बसला होता.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, म्हणून तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. “चार सप्लायवाली फाईल कुठे आहे? सर्व्हरवर नाहीये.”

“माझ्या लॅपटॉपवर होती. मी निघालो त्या दिवशी त्यांनी तो कोरा केला आणि दिला कोणाला तरी. मी म्हटलं होतं, बाबांनो, जरा बघून पुसा.”

“मग तुम्हाला आठवतंय तेवढं सांगा, मी उतरवून घेते. तुमचंच होतं ते.”

“माझं?” मास्तर म्हणाले. “अगं बाई, ते तुझं होतं. मी नुसता बडवत होतो. तुझं पोट टेबलाला अडत होतं, हात कीबोर्डपर्यंत पोचत नव्हते, म्हणून तू सांगायचीस आणि मी टाईप करायचो. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणालीस, मास्तर तुम्ही फार चुका करता, आणि ते खरं होतं.”

तिने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

“ऐकतेयस ना?”

“तिसऱ्याला किती वेळ दिला होता? पहिल्या दोघांचं चिपच्या पुस्तकात आहे. तिसऱ्याचं नाहीये. तिसऱ्यासाठी किती थांबायचं, मग चौथा?”

“ते मला आठवत नाही,” मास्तर म्हणाले, आणि फार लवकर म्हणाले. “स्कोप आहे ना समोर? त्यालाच विचार. आणि आधी चार घास खा.”

फोन ठेवल्यावर ती तशीच भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक होतं. तिने आठवणीतली ती बोटं परत आणली, जाडजूड, काळ्या नखाची, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर आवाज येतो का ते ऐकलं. आधी नुसता एसीचा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं, ‘थांबा मास्तर, आत्ता नको चौथा, त्याला जरा सावरू दे,’ आणि तो आवाज दमलेला होता, थोडा चिडका होता, आणि तिचा होता. ती पाठीमागे उशी घेऊन बसली होती. विजेचा चढउतार दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर, पुढे मोडीत निघालेल्या कच्च्या बोर्डावरच्या, तिसऱ्या सप्लायची रेघ वर चढताना मध्येच एकदा खाली घसरत होती आणि मग सावरून परत चढत होती, आणि नेमकं त्याच वेळी पोटात ठकीला, जिला अजून ठकी म्हणत नव्हते, उचकी लागली होती. बारीक, ठेक्यात. तिने मास्तरांना म्हटलं होतं, ‘याला पण लागलीय, बाळाला पण लागलीय.’ मास्तर एवढे वयस्क, तरी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि म्हणाले, ‘मग दोघांची थांबेपर्यंत थांबू.’ आणि थांबले होते. किती थांबले ते मात्र आलं नाही. बाकी सगळं येत होतं, खोलीतला उजेड, कमरेतली कळ, मास्तरांच्या डब्याचा वास. आकडा तेवढा येत नव्हता. तिने त्याच्यामागे धावायचं सोडून दिलं. आकडा नसला तरी का थांबायचं ते तिच्यापाशी होतं, आणि इतके महिने ते मास्तरांच्या बोटांआड जाऊन बसलं होतं.

एक वाजता साहेब आले. “झालं का नवीन प्रोग्रॅमचं?”

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मावशींनी ताकास तूर लागू दिली नसती. पण खोटं बोलायला डोक्यात वेगळी जागा लागते आणि आज ती रिकामी नव्हती. “साहेब, सकाळी चुकून मी छोटी चिप पुसली. मूळ फाईल कुठे नाही. मी परत लिहितेय.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “चारला गाडी येतेय मला न्यायला.”

“माहीत आहे.”

“बाहेरून कोणाला बोलवू?”

“तीनपर्यंत नको.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “चूक आमचीच. तुमच्यावर जरा लवकर भार टाकला. म्हणूनच म्हणत होतो, कागदांचं काम...” आणि वाक्य अर्धं सोडून गेले. ते अर्धं वाक्य बराच वेळ टेबलावर पडून होतं. मावशी म्हणाल्या, “साहेब माणूस चांगला आहे. चांगल्या माणसांचाच जास्त त्रास होतो.”

लिहायला तासही लागला नाही. पण लिहिलेलं चिपपर्यंत पोचेना. छोटी कोरी, म्हणून मोठीला वीज नाही. मोठीला वीज नाही, म्हणून साखळीतून गेलेला निरोप तिच्यापाशी जाऊन मरतो, माघारी येत नाही. आणि निरोप माघारी आला नाही तर पडद्यावरचं सॉफ्टवेअर छोटीशी बोलायलाच तयार नाही. उठवणाऱ्यालाच झोप लागली की घरात जे होतं ते झालं होतं. जोडण्यांचा नकाशा उलगडल्यावर तिला बोर्डाच्या पाठीवर दोन मोकळे ठिपके सापडले, अशाच वेळेसाठी ठेवलेले. ते जोडले की निरोप मोठीला वळसा घालून परस्पर परत येणार. मावशींनी चिमट्यात केसाएवढी तार धरली, बोर्ड भिंगाखाली घेतला आणि ओठ मुडपून ती अशी बसवली की धूरसुद्धा निघाला नाही.

“आणि हे बघितलंस का?” त्यांनी चिमट्याचं टोक तिसऱ्या सप्लायशेजारी टेकवलं. तिथे वीज साठवणारे दोन गोल कॅपॅसिटर होते, शेजाऱ्यांपेक्षा चांगलेच थोराड. “तू नव्हतीस तेव्हाचं आहे. आधीचे मिळेनात, म्हणून मोठे घेतले. मीच बसवले. तेव्हाच म्हटलं होतं, एवढी पोटं भरायला वेळ लागेल. पण सोल्डरवालीचं कोण ऐकतं. तेव्हापासून हा बोर्ड सकाळी सकाळी रुसतो, दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, आणि सगळे मोठीला बोल लावतात.”

ती मावशींकडे बघत राहिली. मोठीचा नवा प्रोग्रॅम याच रुसण्यावर उपाय म्हणून लिहिला होता. तीन आठवडे ती त्याच्यातच रुतली होती.

मग तिने घाई केली नाही. छोटीला नुसते पहिले तीन सप्लाय चालू करायला सांगितले, चौथा मुळीच नाही, आणि स्कोपची सुई तिसऱ्यावर टेकवली. बटण दाबताना मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिला धीर द्यायला की स्वतःच्या आधारासाठी, ते कळलं नाही. पहिली रेघ चढली. दुसरी चढली. तिसरी चढता चढता अडखळली, खाली घसरली आणि मग जड अंगाच्या बाईने जिना चढावा तशी एकेक पायरी घेत वर गेली, सावकाश, कुठल्याही जुन्या आठवणीपेक्षा सावकाश, आणि वर पोचून सपाट झाली. तिने पडद्यावर मोजलं. बावन्न मिलिसेकंद. दहादा बटण बंद-चालू करून दहादा मोजलं; कधी पन्नास, कधी त्रेपन्न. तिने साठ लिहिले. त्या ओळीच्या वर, पुढे कोणी उघडेल त्याच्यासाठी, साध्या शब्दांत लिहून ठेवलं की तिसरा सप्लाय चढताना एकदा घसरतो, तो सावरेपर्यंत चौथ्याला सोडू नये. लिहिणाऱ्याचं नाव घालायच्या जागी तिचं बोट क्षणभर जुन्या सवयीने मास्तरांच्या नावाकडे गेलं. तिने आपलं नाव घातलं. मग चौथा सप्लाय जोडला, मावशींनी ती बारीक तार काढून घेतली, आणि तीन वाजायला दहा मिनिटं असताना तिने बटण दाबलं.

एक दिवा. दुसरा. तिसरा. मग काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात तिला आपल्या कानशिलांतलं रक्त ऐकू आलं. साठ मिलिसेकंद डोळ्याला दिसत नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी ते तिला दिसले. मग चौथा. मोठी चिप जागी झाली आणि बोर्डभर हिरवे ठिपके पसरले. मावशी म्हणाल्या, “चला, मी आता जेवते,” आणि तेव्हा तिला कळलं की त्यांनी सकाळपासून डबा उघडलेला नाही.

मोठीच्या प्रोग्रॅमला तिने हातच लावला नाही. साहेबांना कारण सांगितलं, कॅपॅसिटर दाखवले, रेघ दाखवली. साहेबांनी वीस वेळा बटण दाबून बघितलं, कारण ते साहेब होते, आणि वीसही वेळा बोर्ड रुसला नाही. पेटीचं झाकण लावता लावता ते म्हणाले, “मग उद्या काय सांगणार आहात?”

“आजच सांगते. मी इथेच बसते.” मग तिला वाटलं हे फारच तुटक झालं, म्हणून ती म्हणाली, “कागद या बोर्डाचा मीच लिहीन. पण काम झाल्यावर.”

साहेबांनी पेटीची कडी लावली. “चुकलात की सांगत जा,” ते म्हणाले. “आजच्यासारखं.” आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला तसे पेटी छातीशी धरून जिना उतरले.

पाच वाजता पाळणाघराच्या रस्त्याला लागल्यावर तिने मास्तरांना फोन केला. उन्हं उतरली होती, फुटपाथवर दुकानांच्या पायऱ्यांची लांब सावली पडली होती, आणि ती तिच्यातून चालत होती.

“चालू झालं मास्तर.”

“होणारच होतं. तिसऱ्याला किती दिलेस?”

“साठ.”

मास्तर म्हणाले, “चाळीस होते.”

ती चालता चालता उभी राहिली. मागून येणारा माणूस तिला वळसा घालून पुढे गेला. सकाळी त्यांना आठवत नव्हतं. सकाळी त्यांनी आकडा सांगितला असता तर तिने तो खाली मान घालून लिहिला असता, आणि बोर्ड उद्या परक्या गावात, परक्या लोकांसमोर रुसून बसला असता. पण ते कॅपॅसिटरचं मास्तरांनाही माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी आकडा लपवला तो बोर्डासाठी लपवला नव्हता. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी म्हातारपणावर ढकललं असतं.

“आता साठ लागतात मास्तर,” ती म्हणाली. “मी बघितलं.”

“बघितलंस ना?”

“दहादा.”

“मग साठ,” मास्तर म्हणाले.